डब्यातला वाघ

साताऱ्यात कुणाला बढती मिळाली की ऑफिसात कंदी पेढे आलेच. सांगलीत दुपारी चारला कुणीतरी भडंगाचा पुडा फोडतो आणि फायली आपोआप बाजूला सरकतात! पेढा एखादाच येतो, भडंगातल्या शेंगदाण्यांत प्रथिनं असतात. दोघांवर राग नको. भडंगाच्या मिठावर मात्र नजर ठेवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. त्यात आमटी, लोणचं, पापड सगळंच आलं.

खरा छुपा रुस्तम चहा. आल्या आल्या एक, साहेबांबरोबर एक, पाहुणा आला म्हणून एक, निघताना टपरीवर एक. कपाला दोन चमचे धरले तरी साधारण ३२ ग्रॅम साखर पोटात गेली. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली उत्तम, असं हीच संघटना म्हणते.

जेवणावर लगेच चहा घेतला, तर पालेभाजी-भाकरीतलं लोह अंगी कमी लागतं. तासभर थांबा. उलट जेवताना लिंबू पिळलं तर तेच लोह जास्त शोषलं जातं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही हेच काम करते. तिच्यातलं क जीवनसत्त्व संत्र्याच्या तोडीस तोड!

तासगावचे बेदाणे मूठभर खा, खुशाल. पण द्राक्षातलं पाणी उडतं आणि साखर मागे राहते. बेदाण्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, म्हणून अर्धा किलोची पिशवी ड्रॉवरमध्ये नको.

आणि आता माझा लाडका, कोरेगावचा वाघ्या घेवडा. राजम्याचा सख्खा भाऊ, दाण्यावर वाघासारखे पट्टे. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाळलेल्या दाण्यात पाचवा हिस्सा प्रथिनं, शिवाय भरपूर तंतू. घेवड्याची उसळ आणि ज्वारीची भाकरी खाऊन बसलेल्याला चार वाजता वेफर्स आठवत नाहीत. इतकं सकस धान्य दाराशी पिकत असताना ते डब्यात क्वचितच दिसावं, याची मला खरंच हळहळ वाटते. उद्याच्या डब्यासाठी आज रात्रीच मूठभर भिजत घाला. सकाळी ते पाणी टाकून द्या आणि घेवडा खळखळून उकळत, पूर्ण मऊ शिजवा. अर्धाकच्चा राहिला तर पोट बिघडतं.