विश्लेषण : ग्रामसभा तहकूब झाली, तर गावाचे निर्णय कोण घेते?

वर्षातून किमान चार वेळा ग्रामपंचायतीच्या फलकावर ग्रामसभेची नोटीस लागते, दवंडी दिली जाते आणि आता व्हॉट्सॲपच्या गटावरही संदेश येतो. तरीही अनेक गावांत खुर्च्या रिकाम्या राहतात आणि सभा तहकूब होते. सभाच झाली नाही म्हणजे निर्णयही झाले नाहीत, असे न आलेल्या ग्रामस्थांना वाटते. नियम मात्र वेगळे सांगतो. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यातल्या माकणीसारख्या गावात नळाचे पाणी, घरकुलाची यादी आणि वित्त आयोगाचा निधी यांचे निर्णय याच सभेच्या कागदावर उमटतात. त्यामुळे हा नियम समजून घेणे गरजेचे आहे.

ग्रामसभा आणि ग्रामपंचायतीची सभा यात फरक काय?

ग्रामपंचायतीची मासिक सभा ही सरपंच, उपसरपंच आणि निवडून आलेल्या सदस्यांची सभा असते. ग्रामसभा ही गावाच्या मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाची सभा असते. तिचे सदस्य होण्यासाठी निवडून यावे लागत नाही, अर्ज करावा लागत नाही. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. महाराष्ट्रात १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ७ नुसार ग्रामसभेच्या सभा होतात. आर्थिक वर्षात किमान चार सभा बंधनकारक आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी त्या घेण्याचा प्रघात आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही आहे. सबळ कारण नसताना सभा घेतली नाही, तर सरपंच अपात्र ठरू शकतो आणि सचिवावरही कारवाई होऊ शकते. हे सचिव म्हणजे कालपर्यंतचे ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी. २०२४मध्ये ही दोन्ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नवे पदनाम देण्यात आले.

गणपूर्तीचा नियम काय सांगतो?

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती ग्रामसभेला लागते. गावात ६०० मतदार असतील तर ९० जण हवेत. ४ हजार मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ६०० जण होतात. पण कमी असलेली संख्या धरायची असल्याने तिथेही १०० जण पुरतात. म्हणजे गाव जितके मोठे, तितका गणपूर्तीसाठी लागणारा हिस्सा लहान. ४ हजार मतदारांच्या गावात अवघे अडीच टक्के लोक आले तरी सभा वैध ठरते.

तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि पुढची तारीख दिली जाते. खरी मेख इथे आहे. तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते. त्या दिवशी वीस जण आले तरी सभा चालते, ठराव होतात आणि ते संपूर्ण गावाचे ठराव मानले जातात. तहकूब सभेत नवे विषय घेता येत नाहीत, मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय चालतात, एवढीच काय ती मर्यादा. पण विकास आराखडा किंवा लाभार्थ्यांची यादी मूळ विषयपत्रिकेवर असेल, तर ती या वीस जणांसमोर मंजूर होऊ शकते.

या नियमामागे कारण आहे. गणपूर्तीअभावी गावाचा कारभार महिनोन् महिने अडू नये, हा त्याचा हेतू. परिणाम मात्र असा होतो, की गैरहजर राहून सभा बंद पाडता येत नाही. सभा फक्त कमी लोकांच्या हाती जाते. ठरावाला विरोध असलेल्याने घरी बसणे म्हणजे ठराव मंजूर होण्याची वाट सोपी करणे होय.

गावाचे काय पणाला लागलेले असते?

पहिली गोष्ट पैसा. १५व्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंत, महाराष्ट्रात पंचायतराज संस्थांच्या अनुदानातील ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींना, तर प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला मिळत असे. या निधीतील ६० टक्के रक्कम बंधित होती. त्यातील निम्मी पाणीपुरवठ्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित रक्कम गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होती. ती रस्त्याला द्यायची, गटाराला की शाळेच्या खोलीला, हे गावाच्या विकास आराखड्यात ठरते आणि आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते. २०२६ ते २०३१ हा १६व्या आयोगाचा काळ आहे. आयोग बदलला तरी आराखडा ग्रामसभेतून जाण्याचा मार्ग तोच आहे.

दुसरी गोष्ट लाभार्थ्यांची निवड. घरकुलासह अनेक वैयक्तिक लाभाच्या योजनांत यादी ग्रामसभेपुढे वाचली जाते. कोणाचे नाव चुकून गळले, कोणाचे पक्के घर असूनही नाव आले, हे गावातल्या माणसालाच ठाऊक असते. तालुक्याच्या कार्यालयात बसलेल्या कर्मचाऱ्याला ते कळत नाही. यादी वाचली जात असताना घेतलेली हरकत इतिवृत्तात नोंदवली जाते. नंतर चावडीवर केलेली तक्रार कुठेच नोंदवली जात नाही.

तिसरी गोष्ट हिशेब. आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचे जमाखर्चाचे विवरण, प्रशासन अहवाल, लेखापरीक्षणातील आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरे ठेवावी लागतात. गावाचा पैसा कुठे गेला, हे विचारण्याची ती हक्काची जागा आहे.

माकणीचे पाणी कोणाच्या हाती?

माकणीची ओळख तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पामुळे आहे. लोक त्याला ‘माकणी धरण’च म्हणतात. या धरणाचे पाणी शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरातील गावांच्या पाणी योजनेला आणि औसा शहरालाही जाते. अशा गावात ग्रामसभेत सर्वाधिक प्रश्न पाण्याचे येणार, हे उघड आहे. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण धरणाकाठच्या गावांना वेगळी सांगावी लागत नाही.

पण पाण्याच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि त्यांची उत्तरे देणारे वेगवेगळे आहेत. धरणात किती पाणी पिण्यासाठी राखून ठेवायचे, कालव्याला आवर्तन कधी सोडायचे, हे जलसंपदा विभाग, जिल्हा प्रशासन आणि कालवा सल्लागार समितीच्या पातळीवर ठरते. ग्रामसभा त्यावर निर्णय घेऊ शकत नाही. ती ठराव करून मागणी पाठवू शकते. याउलट गावातील जलवाहिनी कोणत्या गल्लीतून जाणार, नळाला किती दिवसांआड पाणी येणार, पाणीपट्टी किती असावी, गळती कोणी काढायची, हे विषय ग्रामपंचायत आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या कक्षेत येतात. जलजीवन मिशनची मुदत २०२४ वरून २०२८ पर्यंत वाढवण्यात आली आहे. त्यामुळे अपुऱ्या कामांबद्दल गावाने विचारायचे प्रश्नही संपलेले नाहीत.

हा फरक लक्षात न घेतल्याने अनेक सभांत वेळ वाया जातो. आवर्तनाबद्दल सरपंचावर आवाज चढवून काही हाती लागत नाही. गल्लीतल्या गळतीबद्दल मात्र त्याच सभेत तारीख मागता येते.

भूकंपानंतर या भागाने काय अनुभवले?

ज्या वर्षी ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. आजचा लोहारा तालुकाही त्या पट्ट्यातला. त्यानंतर जागतिक बँकेच्या साह्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावांचे स्थलांतर झाले, तर शेकडो गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. नवे गाव कुठे वसवायचे, घरांची रचना कशी असावी, हे प्रश्न एका रात्रीत गावकऱ्यांसमोर उभे राहिले होते.

दुरुस्तीच्या कार्यक्रमात पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती जात होते आणि काम त्यालाच करून घ्यायचे होते. त्यासाठी माहिती घरोघरी पोहोचणे आवश्यक होते. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावातील महिला ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. हप्ता कधी मिळेल, भिंत भूकंपरोधक कशी करायची, अभियंता कधी येणार, अशा गोष्टी त्यांनी गल्लीतल्या छोट्या बैठकांत समजावल्या आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेल्या. मोठ्या सभेत ज्या स्त्रिया मागे बसत, त्या आपल्या गल्लीत बोलत्या झाल्या. मोठी सभा यशस्वी व्हायची असेल, तर आधी छोट्या बैठका व्हाव्या लागतात, हा त्या काळाचा धडा आहे.

गल्लीची सभा कायद्यात आहे का?

केरळमध्ये ग्रामसभाच वॉर्डनिहाय भरते. धाराशिवच्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकात ‘वॉर्ड सभा’ कायद्यात आहे. वॉर्डात चर्चा झालेले विषय तिथून पुढे ग्रामसभेकडे जातात. महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात आराखडा तयार करताना महिला, बालके आणि वंचित घटकांच्या स्वतंत्र सभा घेण्याची पद्धत आहे. गल्लीतल्या लोकांनी स्वतःहून एकत्र बसण्यास अर्थातच कोणाची परवानगी लागत नाही. दहा घरांनी बसून एकच लेखी मागणी तयार केली, तर ग्रामसभेतल्या गोंधळात ती हरवत नाही.

आराखड्याच्या वेळापत्रकातही एक अडचण आहे. पुढच्या वर्षाचा आराखडा तयार करण्याची मोहीम देशभर २ ऑक्टोबरपासून सुरू होते. मराठवाड्यातील अनेक गावांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे त्यानंतरच्या आठवड्यांत गाव सोडतात. ज्यांना घरकुल, शौचालय, पाणी यांची गरज सर्वाधिक, तीच कुटुंबे आराखडा मंजूर होताना फडावर असतात. त्यांच्या मागण्या गाव सोडण्यापूर्वी लेखी घेणे, हाच त्यावरचा सोपा उपाय आहे.

ठराव झाला, पुढे काय?

सभेत काय बोलले गेले यापेक्षा इतिवृत्तात काय लिहिले गेले, याला महत्त्व असते. कोरी जागा सोडून नंतर मजकूर भरणे, उपस्थितीच्या वहीवर सभेनंतर घरी जाऊन सह्या घेणे, असे आरोप गावोगाव होतात. यावर उपाय म्हणून केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी ‘सभासार’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी सुविधा सुरू केली. सभेच्या ध्वनी-चित्रमुद्रणावरून ती इतिवृत्ताचा मसुदा तयार करते. यंत्र फक्त बोललेले टिपते. ज्यावर कोणी बोललेच नाही, ते यंत्राच्या मसुद्यात येत नाही.

सभा संपण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून दाखवण्याची मागणी करणे हा सर्वात स्वस्त उपाय. इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मागता येते आणि ती ३० दिवसांत मिळणे अपेक्षित आहे. मंजूर आराखडा आणि खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावर मोबाइलवरही पाहता येतो. सभेत मंजूर झालेले काम आणि संकेतस्थळावरचे काम जुळते का, हे कोणीही तपासू शकते.

ग्रामसभेच्या ठरावाला किती वजन असते?

सर्व ठरावांना सारखे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने मे २०२२मध्ये विधवांना अपमानित करणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. हा नैतिक वजनाचा ठराव होता. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचाविरुद्धचा अविश्वास ठराव मात्र कायद्याच्या वजनाचा आहे. सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने तो मंजूर केल्यावरही ग्रामसभेत गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब व्हावे लागते. धरणाच्या पाण्याबद्दलचा ठराव या दोन्हींहून वेगळा. तो मागणीपत्र असतो आणि पाठपुरावा झाला तरच पुढे सरकतो.

पुढच्या सभेपूर्वी ग्रामस्थांनी काय करावे?

नोटीस लागताच विषयपत्रिका वाचावी. आपला विषय त्यात नसेल, तर सभेच्या काही दिवस आधी ग्रामपंचायतीकडे लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरावर विसंबून राहू नये. महिलांची सभा खरोखर झाली का, तिथले ठराव ग्रामसभेत वाचले गेले का, हे विचारावे. उपस्थितीच्या वहीत सही सभेच्या जागीच करावी. सभा तहकूब झाली तर पुढची तारीख आणि वेळ तिथेच विचारून घ्यावी. त्या दिवशी गणपूर्तीची अट नसल्याने, पहिल्या सभेला गेले नाही तरी चालेल, पण तहकूब सभा चुकवणे गावाला परवडणारे नाही.