थायरॉईडचा मुकादम आणि एचआयव्ही

थायरॉईड म्हटले की वर्गात गलगंड आणि आयोडीनयुक्त मीठ एवढ्यावर आपले भागते. पण या ग्रंथीचा एचआयव्हीशी येणारा संबंध पाहिला, तर तिचे कामकाज अधिक चांगले कळते.

पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली (अलीकडे तिचे नाव बदलले आहे). त्या काळी या रोगावर परिणामकारक उपचार नव्हते. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून विषाणुरोधक औषधे मोफत मिळू लागली. आज बाधित माणूस औषधे घेऊन पिंपरी किंवा चाकणच्या कारखान्यात वर्षानुवर्षे पाळी करू शकतो. समजा, उपचार सुरू होऊन दोन वर्षे झाल्यावर अशा कामगाराचे वजन उतरू लागले, हात कापू लागले. औषध लागू पडेनासे झाले, असे वाटून तो गोळ्या सोडून देण्याची भीती असते. आणि कारण असते गळ्यातल्या ग्रंथीत!

थायरॉईड हा कारखाना मानू. त्याचा मुकादम मेंदूच्या तळाशी, पियूषिका ग्रंथीत बसतो. टीएसएच हे संप्रेरक म्हणजे त्याचा आवाज. माल कमी पडला की आवाज चढतो, जास्त झाला की उतरतो. माल मुख्यतः टी-४. यकृतासारख्या अवयवांत त्यातील आयोडीनचा एक अणू काढला जातो आणि अधिक प्रभावी टी-३ तयार होते.

एचआयव्हीचा आजार बळावला, माणूस खंगला, की रक्तातले टी-३ घटते. मुकादम मात्र बहुधा गप्प! ग्रंथी धडधाकट असते. आजारी शरीराने खर्चाला कात्री लावलेली असते. अशा वेळी थायरॉईडच्या गोळ्यांचा सहसा उपयोग नसतो. मूळ आजार आटोक्यात आणावा लागतो. टीएसएच चढलेले आणि टी-४ उतरलेले असेल, तर मात्र ग्रंथीच कमी पडते आहे. तेथे गोळी हवी. तीही सांभाळून, कारण क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे यकृत टी-४ चा निचरा वेगाने करते आणि गोळीची मात्रा वाढवावी लागू शकते.

आता आपल्या कामगाराकडे वळू. औषधांनी विषाणू दबतो, सीडी-४ पेशी पुन्हा वाढतात. क्वचित काही जणांत, बहुधा एक ते तीन वर्षांनी, ही सावरलेली प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच थायरॉईडवर उलटते. तिने बनवलेली प्रतिपिंडे टीएसएचच्याच जागी जाऊन चिकटतात. जणू मुकादमाचा आवाज काढून कोणी परका हुकूम सोडतो आहे! खरा मुकादम गप्प बसला, तरी उत्पादन थांबत नाही. हाच ग्रेव्हज् रोग. छातीत धडधड, घाम, झोप न लागणे, भूक असूनही वजन घटणे ही त्याची लक्षणे. अहवालात टीएसएच जवळजवळ शून्य, टी-४ आणि टी-३ चढलेले.

यावर कार्बिमाझोलसारखी औषधे आहेत. एचआयव्हीच्या गोळ्या त्यासाठी बंद करायच्या नसतात. त्यांनी आपले काम केलेले असते: याच सुमारास तपासले, तर रक्तातील विषाणू बहुधा नगण्य आणि सीडी-४ पेशी वाढलेल्या आढळतात.