भूतकाळाचा आसरा : मराठी ऐतिहासिक प्रणयरम्य कादंबरी आणि पलायनाची संकल्पना

गोषवारा

ऐतिहासिक प्रणयरम्य कादंबरीवर 'पलायनवादी' असा शिक्का मारण्याची प्रथा मराठी समीक्षेत रूढ आहे. प्रस्तुत लेखात या शिक्क्याची तपासणी केली आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीत कल्पिताची जागा १८७१ पासून १९७२ पर्यंतच्या काळात कशी बदलत गेली, या बदलामागे ऐतिहासिक साधनांच्या प्रकाशनाचा कोणता वाटा होता आणि त्यामुळे वाचकाच्या इतिहासभानावर कोणता परिणाम झाला, याचा येथे विचार केला आहे. विवेचनासाठी मुख्यतः 'स्वामी' व 'राऊ' या कादंबऱ्यांचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : ऐतिहासिक कादंबरी, प्रणयरम्यता, पलायनवाद, इतिहासभान, वाचक.

१. प्रस्तावना

मराठी कादंबरीच्या आरंभकाळाकडे पाहिले असता तीन वाटा स्पष्ट दिसतात. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) समकालीन सामाजिक वास्तवाकडे वळते, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) अद्भुताच्या आश्रयाने रंजन करते आणि रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१) वाचकाला शिवकाळात घेऊन जाते. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी याच तीन कृतींच्या नावांनी केली, हे अभ्यासकांस परिचित आहे. यांपैकी तिसरी वाट वाचकांच्या सर्वाधिक पसंतीची आणि समीक्षकांच्या सर्वाधिक संशयाची ठरली. सार्वजनिक वाचनालयांत जिची पाने हाताळून मऊ पडलेली असतात, ती कादंबरी अभ्यासक्रमात आली की प्राध्यापक काहीशा संकोचाने शिकवतात. या संकोचाच्या मुळाशी 'पलायन' ही संज्ञा आहे. म्हणून प्रथम तिचाच विचार केला पाहिजे.

२. पलायन : संज्ञेचा विचार

पलायन म्हणजे वर्तमानाकडे पाठ फिरवणे, असा सामान्य अर्थ घेतला जातो. परंतु या शब्दात दोन भिन्न कृती एकत्र झाल्या आहेत. रणांगणातून पळून जाणारा सैनिक आणि तुरुंगातून सुटका करून घेणारा कैदी या दोघांनाही 'पळाला' असेच म्हणतात. मात्र दोघांचा नैतिक अर्थ एक नाही. इंग्रजी लेखक टोल्किन यांनी परीकथांविषयीच्या आपल्या निबंधात हाच भेद मांडला होता. अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रणयकथा वाचणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. कथेतील जगाइतकाच वाचनासाठी काढलेला वेळ त्या स्त्रियांना मोलाचा वाटत होता, असे त्यांना आढळले. घरातील सर्वांसाठी राबणाऱ्या स्त्रीचा तेवढाच वेळ तिचा स्वतःचा असतो. दुपारची आवराआवर झाल्यावर वाचनालयातून आणलेली ऐतिहासिक कादंबरी उघडणाऱ्या आपल्याकडील गृहिणीलाही हे निरीक्षण लागू पडावे.

तेव्हा वाचक पळतो की नाही, हा प्रश्न फारसा फलदायी नाही. तो कोठे जातो आणि परत येताना सोबत काय आणतो, हे पाहणे अधिक उपयुक्त आहे.

३. साधनांपूर्वीची कादंबरी

'मोचनगड' प्रसिद्ध झाली तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल साधने वाचकांपुढे आलेली नव्हती. ग्रँट डफ यांचा इंग्रजी इतिहास १८२६ पासून उपलब्ध होता. परंतु 'काव्येतिहाससंग्रह' १८७८ मध्ये सुरू झाला, वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० मध्ये झाली. म्हणजे मराठीत कादंबरी आधी आली व कागदपत्रे नंतर. भूतकाळ हा अद्याप बराचसा रिकामा प्रदेश होता आणि तेथे कल्पनेला मुक्त संचार होता.

या काळातील कादंबरीकारांनी कल्पित पात्रांना अग्रभागी ठेवले. हरिभाऊ आपटे यांच्या 'करमणूक' पत्रातून १८९५ ते १८९७ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'उषःकाल'मध्येही वाचक प्रामुख्याने कल्पित कुटुंबाच्या सुखदुःखात गुंततो. शिवाजी महाराज व स्वराज्याची उभारणी हे त्या कथेचे क्षितिज असते. हंगेरियन समीक्षक जॉर्ज लुकाच यांनी वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांचे वैशिष्ट्य सांगताना, मध्यम कुवतीचा कल्पित नायक केंद्रस्थानी व थोर ऐतिहासिक पुरुष कडेला अशी रचना दाखवून दिली आहे. आरंभीच्या मराठी कादंबरीची घडण या रचनेशी जुळणारी आहे.

परकीय सत्तेखालील वाचकाला या भूतकाळात जो आसरा मिळाला, त्याला निव्वळ रंजन म्हणता येणार नाही. वर्तमानात जे बोलता येत नव्हते, ते तीनशे वर्षांपूर्वीच्या किल्लेदाराच्या मुखी घालता येत होते. नाथमाधवांचे उदाहरण येथे बोलके आहे. शिकारीच्या निमित्ताने गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून पडून त्यांचे कमरेखालचे शरीर कायमचे अधू झाले. आणि ज्यांना स्वतःला पुन्हा गड चढणे शक्य नव्हते, त्यांनीच स्वराज्यमालेतील कादंबऱ्या लिहून हजारो वाचकांना गडांवर नेले. असे पलायन हे कैद्याचे पलायन होय.

४. कल्पिताचे स्थलांतर

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परिस्थिती पालटली होती. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. मोहिमा, तह, कर्जे, नेमणुका यांचे तपशील आता हाताशी होते. ज्ञात घटनांना बाध आणणारी कल्पना वाचक सहन करील, अशी शक्यता कमी झाली होती. मग कल्पनेला जागा कोठे उरली? कागद जेथे बोलत नाहीत तेथे. आणि राजकारणाच्या कागदांत सर्वांत कमी बोलले जाते ते अंतःपुराविषयी, पतिपत्नींच्या एकांताविषयी आणि मनातील व्यथेविषयी.

रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) हे या स्थलांतराचे ठळक उदाहरण होय. या कादंबरीस १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हिचा नायक कल्पित किल्लेदारपुत्र नसून साक्षात माधवराव पेशवे आहेत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचा संहार झाला; त्याच वर्षी नानासाहेब निवर्तले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांकडे पेशवेपद आले. १७६३ मधील राक्षसभुवनचा विजय, हैदरअलीवरील मोहिमा, राघोबादादांशी झालेला संघर्ष, डोकीवरील कर्ज आणि अखेर क्षयाने १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे आलेला मृत्यू हा सारा सांगाडा इतिहासाने पुरवला आहे. रमाबाईंशी असलेल्या नात्याची आर्तता, त्यांचे संवाद, रुसवे आणि मौन हे बव्हंशी कादंबरीकाराचे आहे.

हा बदल केवळ तंत्राचा नाही. पूर्वीच्या कादंबरीत कल्पित हे पात्राच्या रूपाने वेगळे उभे असल्याने वाचकाला ते ओळखता येत होते. आता ते ऐतिहासिक व्यक्तीच्या अंतरंगात शिरले आणि तेथून ते वेगळे काढणे दुष्कर झाले. माधवरावांची राक्षसभुवनची लढाई आणि रमाबाईंशी झालेला संवाद या दोन्ही गोष्टी वाचकाच्या स्मरणात सारख्याच खरेपणाने राहतात. 'स्वामी'वर आधारित दूरदर्शन मालिका १९८७ च्या सुमारास प्रसारित झाली, तेव्हा या स्मरणाला चेहरे व आवाजही लाभले.

५. ज्ञात शेवटाचा दिलासा

वाचक या भूतकाळात सुख शोधतो असे म्हणावे, तर या कादंबऱ्या शोकान्त आहेत. 'स्वामी'च्या वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते की हा तरुण सत्ताविसाव्या वर्षी जाणार आहे. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' (१९७२) या कादंबरीच्या वाचकालाही १७४० साली रावेरखेडी येथे बाजीरावांचा अंत होणार हे माहीत असते. दुःखाकडे घेऊन जाणारे हे पलायन कशापासूनचे आहे?

ते अनिश्चिततेपासूनचे आहे, असे येथे सुचवावेसे वाटते. स्वतःच्या आयुष्यातील आजार, कलह अथवा प्रेम यांचे पुढे काय होणार, हे कोणालाही ठाऊक नसते. ऐतिहासिक प्रेमाचे काय झाले हे ठाऊक असते. शेवट ठरलेला असल्यामुळे प्रत्येक क्षणाला अर्थ येतो, क्षुल्लक रुसव्यालाही गांभीर्य लाभते आणि वाचकाला निर्भयपणे रडता येते. शिवाय या जगात कर्तव्य व प्रेम यांचा संघर्ष उदात्त पातळीवर चालतो. कार्यालयीन कटकटी, भाड्याचे घर, लग्नाचा खर्च यांनी नित्य जीवनातील प्रेमाला जो क्षुद्रपणा येतो, तो तेथे नसतो. ही गरज खरी आहे आणि तिची चेष्टा करणे समीक्षेला शोभणारे नाही.

६. या दिलाशाची किंमत

तथापि दिलाशाला किंमत असते आणि ती बहुधा कथेतील स्त्रीच्या खात्यावर टाकली जाते. 'स्वामी'चा शेवट रमाबाईंच्या सहगमनाने होतो. ती घटना ऐतिहासिक आहे. थेऊर येथे तिचे स्मारकही आहे. पण त्या तरुण स्त्रीच्या मनात त्या क्षणी काय होते, हे इतिहासाने जपलेले नाही. तिला खरोखर दुसरा पर्याय होता काय, याचे उत्तर आपल्याला मिळत नाही. कादंबरी ही पोकळी प्रेमाच्या परिपूर्तीने भरून काढते. शेकडो पानांच्या आर्ततेनंतर वाचकाला तो शेवट सुसंगत, नव्हे सुंदर वाटू लागतो. आणि येथेच अभ्यासकाने थांबले पाहिजे. मुंबई इलाख्यात सतीची चाल १८३० मध्ये कायद्याने बंद झाली. देवराळा येथे ४ सप्टेंबर १९८७ रोजी रूपकुंवर हिचा चितेवर मृत्यू झाल्यानंतर झालेल्या कायद्याने सतीचे उदात्तीकरण हाही गुन्हा ठरवला. १९६२ च्या कादंबरीला पुढील काळाच्या कायद्याने दोषी ठरवण्याचा येथे हेतू नाही. परंतु आज ती वर्गात शिकवताना, जे आपल्याला देखणे वाटते ते एका स्त्रीचे जळणे आहे, याचा विसर पडू देणे क्षम्य नाही.

'राऊ'मध्ये प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. मस्तानीच्या जन्माविषयी अभ्यासकांत एकमत नाही. बाजीरावांच्या अखेरच्या काळात घरच्यांनी तिला कैदेत ठेवले, बाजीरावांपाठोपाठ त्याच वर्षी तिचाही अंत झाला आणि तिचा पुत्र समशेरबहादूर पुढे पानिपतच्या युद्धात कामी आला, एवढे निश्चित. ज्या स्त्रीला पेशव्यांच्या घराने स्वीकारले नाही, तिला मराठी वाचकाच्या मनात जागा मिळवून देण्याचे श्रेय इनामदारांच्या कादंबरीकडे निश्चितच जाते. येथे प्रणयरम्यतेने इतिहासाचे मौन भरताना न्यायाची बाजू घेतली. मात्र त्याच वाटेने पुढे जाऊन २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा काशीबाई व मस्तानी यांच्या एकत्र नृत्यावर आक्षेप घेण्यात आले. कादंबरीतील एकांत चालतो आणि पडद्यावरील नृत्य चालत नाही, यामागील कारण उघड आहे. कादंबरीतील कल्पित आपण आता इतिहास म्हणून स्वीकारलेले आहे. चित्रपटातील कल्पित अजून नवे आहे.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

या विवेचनातून अध्यापकासाठी काही गोष्टी निष्पन्न होतात. 'यात किती खरे, किती खोटे' अशी यादी करून कादंबरी शिकवणे रसविघातक आहे आणि अपुरेही. त्याऐवजी कादंबरीतील एखादे प्रकरण आणि त्याच प्रसंगासंबंधीचे एखादे छापील अस्सल पत्र विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवावे. पत्रात खर्च, फौज व तारीख असते. प्रकरणात मन असते. पत्र कोणाविषयी गप्प आहे आणि कादंबरीने त्या गप्प व्यक्तीच्या तोंडी काय घातले, एवढे जरी विद्यार्थी पाहू लागले, तरी त्यांना इतिहास व साहित्य या दोहोंच्या मर्यादा कळतात. 'स्वामी'नंतर अवघ्या एका वर्षाने 'कोसला' (१९६३) प्रसिद्ध झाली, हेही आवर्जून सांगावे. एकीकडे तरुण नायकाच्या प्रत्येक क्षणाला अर्थ आहे, दुसरीकडे तरुण नायकाला कशातच अर्थ सापडत नाही. एकाच महाराष्ट्राने या दोन्ही कादंबऱ्या जवळ केल्या. पहिली ज्या अस्वस्थतेपासून आसरा देते, तिचेच चित्र दुसरी रेखाटते.

८. समारोप

ऐतिहासिक प्रणयरम्य कादंबरी वाचकाला भूतकाळात नेते, हा तिचा दोष नव्हे. परतंत्र काळात या प्रवासाने आत्मविश्वास दिला आणि स्वातंत्र्योत्तर काळात अनिश्चित जीवनातून घटकाभर विसावा दिला. बदलली ती कल्पिताची जागा. ते कल्पित किल्लेदाराच्या घरातून निघून खऱ्या पेशव्याच्या मनात जाऊन बसले आणि त्याबरोबर वाचकाची जबाबदारी वाढली. आसरा घ्यावा, पण ज्या घरात आपण घटकाभर विसावलो तेथे कोणाला कोंडून ठेवले होते आणि कोणाला चितेवर चढावे लागले, याची विचारपूस करून परतावे. ही विचारपूस करण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हे मराठीच्या अध्यापकाचे काम आहे. आणि त्यासाठी ही कादंबरी संकोचाने नव्हे, तर पुरेशा गांभीर्याने शिकवली गेली पाहिजे.