‘जरा खाली घ्याल का?’

आई गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याहून इंग्लंडला आली ती दोन गोष्टी घेऊन: मेतकुटाची बरणी आणि दुखरे गुडघे. पहिल्याच आठवड्यात आम्ही बसने बाजारात निघालो. बस थांबली, ‘फुस्स’ असा लांब आवाज झाला आणि दाराकडची बाजू हळूच खाली आली. आई दोन पावलं मागे सरली. “अगं, पंक्चर झाली वाटतं!”

पंक्चर नव्हे. इथल्या बस पोलादी पाट्यांवर नव्हे, तर हवेनं भरलेल्या रबराच्या जाड फुग्यांवर उभ्या असतात. गाडी रिकामी असो की खच्चून भरलेली, एक व्हॉल्व्ह हवा कमी-जास्त करून तिची उंची सारखी ठेवतो. ड्रायव्हरने बटण दाबलं की दाराकडच्या फुग्यांतली थोडी हवा बाहेर पडते आणि ती बाजू साधारण सात-आठ सेंटीमीटर खाली बसते. निघताना टाकीतली दाबाखालची हवा पुन्हा फुग्यांत शिरते आणि बस सरळ होते. इथे याला बसने ‘गुडघे टेकणं’ म्हणतात. आईला तो शब्द फार आवडला. “माझे टेकत नाहीत, तिचे तरी टेकतात!”

ही सोय कुणी आपणहून दिलेली नाही. नव्वदच्या दशकात लंडनमध्ये अपंग आंदोलकांनी स्वतःला बेड्यांनी बसला जखडून घेऊन रस्ते अडवले होते. बसच्या रचनेचे नियम आले 2000 साली, आणि जुन्या गाड्या बदलायला मुदत मिळाली ती एकमजली बसना 2016च्या आणि दुमजलींना 2017च्या 1 जानेवारीपर्यंत! नियमानुसार दारातली पायरी रस्त्यापासून 250 मिलिमीटरपेक्षा उंच असता कामा नये. बस फूटपाथला चिकटून उभी राहिली तर त्यातली निम्मी उंची फूटपाथच भरून काढतो.

चिकटून उभी राहिली तर! ऑगस्टमध्ये एका दुपारी आमच्या स्टॉपवर कुणीतरी ‘दोन मिनिटांसाठी’ मोटार लावून गेलं होतं. बसला रस्त्याच्या मध्येच थांबावं लागलं. ड्रायव्हरने बस खाली घेतली होती, पण फूटपाथ उतरून पुन्हा चढायचं म्हणजे आईच्या दृष्टीने गडच. तिचा पाय पायरीवर ठरला नाही. मी मागे होते म्हणून ती पडली नाही, पण घोटा मुरगळला. पुढचे दहा दिवस ती घराबाहेर पडली नाही. खरं तर घोटा चार दिवसांतच बरा झाला होता.

तिला भीती पडण्याची नव्हती, लोकांचा खोळंबा होण्याची होती. सगळेच ड्रायव्हर आपणहून बस खाली घेत नाहीत. कधी कधी सांगावं लागतं. “माझ्या एकटीसाठी अख्खी बस कशाला वाकवायची?” हे तिचं म्हणणं. मी समजावलं, चिडलेही. शेवटी माझ्या आठ वर्षांच्या लेकीने तिला इंग्रजीतलं एक वाक्य घोकून घेतलं: ‘जरा खाली घ्याल का, प्लीज?’ दोघी दिवाणखान्यात सोफ्याला बस समजून तालीम करत. आजीचा ‘प्लीज’ अगदी ठसक्यात यायचा.

सप्टेंबरात ती एकटी लायब्ररीत जाऊन आली. परत आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, “तो सरदारजी होता. मी इंग्रजीत सांगितलं, तर हिंदीत म्हणाला, माताजी, आराम से.”

आता ती साताऱ्यात आहे. परवा फोनवर एसटीने कराडला जाऊन आल्याचं सांगत होती. “कंडक्टरनं हात दिला गं,” म्हणाली, “मीच मागितला.”