वकिलीची तयारी सातबाऱ्यापासून

भोर-वेल्ह्याकडच्या मुलांना कोर्ट म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही. बांध, वाटणी, पाणंद, धरणात गेलेली जमीन आणि तिचा मोबदला या गोष्टी जेवताना कानांवर पडतच असतात. येळवंडीवरचं भाटघर १९२८ साली पुरं झालं. मग पानशेत, नीरा-देवघर, गुंजवणी. पाण्याखाली गेलेल्या शिवाराचे कागद अजून घराघरांतल्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले आहेत. "तारीख पडली" म्हणजे काय, हे इथल्या आजीलाही ठाऊक असतं. असं असूनही, मुलगी वकील व्हायचं म्हणाली की घरातले आधी एकमेकांकडे बघतात आणि मग पुण्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या वकीलबाईला फोन लागतो.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या भावकीतले एक गृहस्थ असेच आले. हातात एका क्लासचं रंगीत माहितीपत्रक. "ताई, पोरगी नववीत हाय. आत्तापासनं क्लास लावला तर वकिलीच्या परीक्षेत लागंल म्हनत्यात. म्हैस काढावी का?"

म्हटलं, म्हैस राहू द्या. पण पोरीला लवकर सुरुवात करायची आहे, हे मात्र खरं आहे.

लवकर का, ते सांगते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कायद्याच्या शिक्षणाला आपल्याकडे मुख्यतः दोन वाटा आहेत. एक राज्याची सीईटी. ही २०१६ साली सुरू झाली; त्याआधी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळे. ती बोर्डाच्या परीक्षेनंतर उन्हाळ्यात होते, प्रश्न मराठीतही असतात (इंग्रजीचा भाग अर्थातच सोडून) आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. दुसरी वाट क्लॅटची, २००८ पासूनची. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली आपली राष्ट्रीय विधी विद्यापीठं तिच्यातूनच प्रवेश देतात आणि राज्यातल्या रहिवाशांसाठी काही जागा राखून ठेवतात. ही परीक्षा केवळ इंग्रजीत. दोन तासांत १२० प्रश्न, चुकलं की पाव गुण वजा. २०२२ पासून ती डिसेंबरात होते, म्हणजे बोर्डाच्या आधीच दोन-अडीच महिने. बारावी संपली की बघू, असं म्हणणाऱ्याची गाडी तोवर सुटलेली असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजीची भीड मोडायला दोन वर्षं तरी हवीत. मग नववी-दहावी हीच सुरुवातीची वेळ ठरते.

मात्र ही सुरुवात कलमं पाठ करण्याची नव्हे. क्लॅटमध्ये साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे देतात आणि कायद्याचा नियम त्या उताऱ्यातच सांगितलेला असतो. तो दिलेल्या घटनेला लावून दाखवायचा, एवढंच काम. सोपं वाटतं, पण करून बघा. मी त्या मुलीला पहिला प्रश्न मराठीतच घातला. नियम असा : सामाईक जमिनीतला हिस्सेदार फक्त आपल्या हिश्शापुरतंच विकू शकतो. घटना अशी : दोन भावांचं सामाईक शेत, हिस्से सारखे, थोरल्यानं धाकट्याला न विचारता सगळंच विकलं. घेणाऱ्याला काय मिळालं?

"अर्धं," ती पटकन म्हणाली. आणि मग थांबून, "पण थोरल्यानं बापाचं कर्ज फेडायला इकलं असंल तर?"

प्रश्न हुशारीचा होता. कोर्टात तो विचारावाच लागतो. परीक्षेत मात्र तो घात करतो, कारण कर्जाबद्दल उताऱ्यात अक्षरही नव्हतं. आमच्याकडच्या मुलांची गंमत इथेच आहे. जमिनीचा व्यवहार त्यांना शहरातल्या मुलांपेक्षा लवकर कळतो आणि त्यामुळेच ती कागदावर नसलेलं वाचतात. जे लिहिलंय तेवढंच वाचायची सवय लावायला तिला सहा महिने लागले.

त्यासाठी मी तिला तिच्याच घरचा सातबारा वाचायला दिला. सोबत फेरफाराची नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा. कोणाचं नाव कधी आलं, कशानं आलं, कोणाचं कमी झालं, हे तिनं वहीत उतरवायचं. तिसऱ्या रविवारी तिनं विचारलं, "ह्यात दोन्ही आत्यांची नावं हुती. मग गेली कुठं?"

वडील तिथंच बसले होते. कोणी बोललं नाही. शेवटी मीच सांगितलं, हक्कसोडपत्र. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात, आपल्याकडे हे सर्रास चालतं. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला आणि विवाहित मुलीही त्यात आल्या. तरी रजिस्टर कचेरीतली ही रांग काही थांबलेली नाही. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांना सरळ विचारलं, "माझी बी सही घेणार का?" ते उठून गोठ्याकडे गेले. उत्तर अजून मिळालेलं नाही.

बाकीची तयारी त्या मानानं साधी. रोज वर्तमानपत्राचं एक पान, आधी मराठीतून आणि दहावीनंतर इंग्रजीतून. अनोळखी शब्द वहीत. गणित टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी एवढंच, तेही दहावीपर्यंतचं. चालू घडामोडींच्या जाड पुस्तकांवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ती वर्षभरात शिळी होतात. जुन्या प्रश्नपत्रिका मात्र घड्याळ लावून सोडवाव्यात. आणि शाखेचा बाऊ नको : बारावी कला, वाणिज्य, विज्ञान कोणतीही चालते, खुल्या गटाला ४५ टक्के पुरतात. वकिलीसाठी विज्ञान घ्यायला लावून मुलांचा जीव मेटाकुटीला आणणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

पैशाचा प्रश्न मात्र खोटा नाही. क्लॅटच्या नुसत्या अर्जालाच गेली काही वर्षं खुल्या गटासाठी चार हजार रुपये पडतात आणि पुढे विद्यापीठाची फी लाखांत जाते. शामनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकांनी २०१० साली 'इडिया' हा उपक्रम सुरू केला, तो परिस्थितीनं मागे राहिलेल्या मुलांना या परीक्षांसाठी तयार करण्याकरताच. शिष्यवृत्त्याही आहेत, पण उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला वेळेवर तयार हवा. अकरावीच्या उन्हाळ्यातच तहसील कचेरीत अर्ज टाकलेला बरा.

मुलगी आता भोरला अकरावी कला शाखेत आहे. इंग्रजी उताऱ्याला अजून वेळ लागतो, बारा मिनिटांचं काम ती सतरा मिनिटांत करते. पुढच्या डिसेंबरात क्लॅट आणि उन्हाळ्यात सीईटी, दोन्ही द्यायचं ठरलंय. क्लॅट दुपारी दोनला सुरू होते. वडील म्हणाले, सकाळच्या एसटीनं पोचतो की. मी म्हटलं, नसरापूर फाट्यावर गाडी कधी अडकेल याचा नेम नाही, आदल्या दिवशीच माझ्याकडे मुक्कामाला या.