रंगीत सांडपाण्यावर चिपाडाचा उतारा

रसवंतीबाहेर ढीग लागतो ती उसाची चिपाडं पाण्यातला रंग ओढून घेतात, माहीत आहे?

चिपाडात सेल्युलोज आणि लिग्निन असतं. पाण्यात त्यांच्या पृष्ठभागावर ऋणभार येतो. मिथिलीन ब्लूसारखा रंग धनभारित, म्हणून तो तिथे चिकटतो. हेच अधिशोषण.

करून बघा:
👉 चिपाडं बारीक करून भरपूर पाण्यात धुवा. नाहीतर उरलेली साखर आणि पिवळट रंग पाण्यात उतरतो.
👉 वाळवा, चाळा.
👉 मिथिलीन ब्लूच्या फिकट निळ्या पाण्यात चमचाभर भुकटी टाकून बाटली हलवत राहा, मग गाळा. पाणी फिकं, भुकटी निळी!

खरी कसोटी सुती कापडाच्या रंगाईत. तिथले रिअॅक्टिव्ह रंग ऋणभारित, त्यात मीठ आणि सोड्याचं अल्कधर्मी पाणी. साधं चिपाड इथे कमी पडतं. पाणी आम्लधर्मी करावं लागतं किंवा चिपाडावर धनभार आणणारी प्रक्रिया करावी लागते.

इचलकरंजीचे कापड प्रोसेसिंग आणि आसपासचे साखर कारखाने, दोन्ही पंचगंगेच्या खोऱ्यात. कच्चा माल अगदी दाराशी!

एक गोष्ट विसरू नका: रंग नाहीसा होत नाही, पाण्यातून भुकटीत जातो. ती भुकटी शेतात किंवा ओढ्यात टाकली तर सगळी मेहनत पाण्यात. तिची विल्हेवाट आधी ठरवा.

कॉलेज प्रोजेक्टसाठी विषय शोधताय? मिथिलीन ब्लूवर खूप काम झालंय. रिअॅक्टिव्ह रंग घ्या, खरी गरज तिथेच आहे.

#सांडपाणी #पंचगंगा #विज्ञान