हळद वाळवणारी हवा आणि घरातला कूलर

यंदा मार्चमध्ये आमच्या हट्ट्याच्या घरातला पत्र्याचा कूलर तळातून गेला. टाकीला दोनदा एम-सील लावून झालं होतं, या खेपेला बोट लावलं तर पत्राच हातात आला. बावीस उन्हाळे काढले त्यानं. त्याच्या जागी काय आणायचं, यावर घरात महिनाभर खल चालला. थोरला म्हणाला, "बाबा, आता एसीच घेऊ." आईचं म्हणणं एवढंच, की वाळ्याचा वास येणार नसेल तर मला काहीच नको. मी गेली पंधरा वर्षं या विषयाच्या मागे आहे. परभणी, नांदेड, अकोला, जिथे जाईन तिथे पत्र्याचे कूलर बनवणाऱ्यांच्या दुकानात तासभर तरी बसतो. त्यामुळे निर्णय माझ्यावर आला.

आधी आपली हवा ओळखावी लागते. परभणीहून वसमतकडे येताना हट्टा लागतं. मार्च-एप्रिलमध्ये या पट्ट्यात शेतोशेत हळद शिजत असते आणि शिजलेली हळद उन्हात पसरलेली दिसते. दहा-पंधरा दिवसांत ती इतकी वाळते, की मुठीत घेऊन हलवली तर खडखड वाजते. हळदीतलं पाणी ओढून घेणारी ही तहानलेली हवाच कूलर चालवते. मोटार आणि पंखा फक्त तिला गवतापर्यंत आणून सोडतात.

हे आकड्यात सांगतो. बाहेर ४२ अंश तापमान आणि हवेत २० टक्के आर्द्रता असली, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक साधारण २४ अंशांवर येऊन थांबतो. कूलर त्याच्या खाली कधीच जाऊ शकत नाही. पण चांगल्या जाळ्या असल्या तर या १८ अंशांच्या फरकातला ८० टक्के फरक तो तोडतो, म्हणजे खोलीत येणारा वारा २८ अंशांच्या आसपास असतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. ताशी पाच लिटर पाणी उडालं, तर त्यानं ओढलेली उष्णता जवळजवळ एक टनाच्या एसीइतकी भरते. मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला, तेव्हा तीनदा तपासून पाहिला होता. आणि वीज? मोटार-पंखा मिळून दीड-दोनशे वॅट. लाइट गेली तरी घरातला इन्व्हर्टर तो ओढतो. एसीचं तसं नाही.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो, ती म्हणजे जाळ्यांमधला माल. लोक दुकानदाराकडे जातात, पंख्याचा घेर विचारतात, टाकी किती लिटरची ते विचारतात आणि जाळीत काय भरलंय ते बघतही नाहीत. खरं तर कूलर म्हणजे जाळीच. वाळा हे एका गवताचं मूळ आहे. अकबराच्या काळात वाळ्याच्या भिंतींच्या खोल्या करून त्यांवर पाणी शिंपडत, याची नोंद अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. वाळ्याचा पहिला आठवडा म्हणजे वळवाच्या पहिल्या सरीचा वास. पण तो महाग, लवकर कुजणारा आणि दाबून बसला तर हवा अडवणारा. आपण ज्याला 'कूलरचं गवत' म्हणतो, ते गवत नसतंच. मऊ लाकडाचे किसल्यासारखे काढलेले धागे असतात ते. स्वस्त, भरपूर भिजणारे, पण एका हंगामात खाली सरकतात. वर मोकळी जागा राहिली, की तिथून कोरडी झळ थेट खोलीत शिरते. माझं मत आहे, की निम्म्या घरांतले कूलर या वितभर जागेमुळेच बदनाम झालेत. तिसरा प्रकार मधाच्या पोळ्यासारख्या खणांचा, कागदी पुठ्ठ्याचा. तो नीट धुतला तर दोन-तीन हंगाम टिकतो. मात्र आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. खणांवर पांढरा थर चढतो आणि मग पुठ्ठा ओला दिसतो, पण हवा पुढे जात नाही. त्यावर उपाय एकच: टाकीतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी पूर्ण काढून टाकायचं. उरलेल्या पाण्यात क्षार वाढत जातात. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी केली, तर डेंग्यूच्या डासांची अंडीही राहत नाहीत.

दुसरी चूक खिडकीची. शेजारच्या एका घरी कूलर लावला की सगळ्यांची अंगं चिकट होत. मी गेलो तर दारं-खिडक्या बंद, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून! मागचं दार उघडायला लावलं आणि पाच मिनिटांत वारा बदलला. ओली हवा बाहेर गेलीच पाहिजे. कूलर खिडकीबाहेर, सावलीत, आणि समोरच्या बाजूला हवेला वाट. जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीच्या छपरानं अर्धं काम आधीच केलेलं असे. स्लॅबच्या घरात मात्र गच्चीवर चुना फिरवल्याशिवाय कुठलंही यंत्र घेऊ नये.

आता थोरला ज्याच्या मागे लागला होता, त्या एसीचा इतिहास थोडक्यात सांगतो. विलिस कॅरिअरनं १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती कागदातली ओल आवरण्यासाठी. 'टन' हा शब्द बर्फाचा: चोवीस तासांत ९०७ किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता म्हणजे एक टन. भारतात स्टार लेबल आलं, २०२० पासून नव्या एसीवर २४ अंशांचं मूळ सेटिंग सक्तीचं झालं आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

  

मग एसी नकोच का? हवा, पण एका खोलीत. मृग लागला, ढग दाटले, की आर्द्रता चढते आणि तीच हवा कूलरला साथ देत नाही. उशिरा शिजवलेली हळद त्या दिवसांत वाळत नाही, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. घरात तान्हं मूल, म्हातारं माणूस, दमेकरी असेल, तर असे दमट पंधरा-वीस दिवस फार जड जातात. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीला एका विक्रेत्यानं दोन टनांचा एसी सुचवला होता. एवढ्या खोलीला, छतावर चुना असेल तर, एक टन पुरतो. मोठा घेतला तर तो खोली झटकन गार करून बंद पडतो आणि ओल तशीच राहते. इन्व्हर्टर प्रकारचा, आर-३२ किंवा आर-२९० वायूचा घ्यावा. जुना आर-२२ चा कुणी स्वस्तात देत असेल, तर घेऊ नये.

शेवटी आम्ही दोन्ही घेतलं. बैठकीला परभणीहून बनवून आणलेला जाड पत्र्याचा कूलर आला. त्याच्या दोन जाळ्यांत लाकडाचं गवत आणि आईच्या खोलीकडच्या जाळीत वाळा. एक टनाचा एसी आईच्या खोलीत बसवला. तो मे अखेर ते जून एवढाच चालला.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा कूलर चवाळ्याखाली झाकलेला असेल. आजच तो उघडा. टाकीत पाणी राहिलं असेल तर काढा, गवत फेका, तळ घासून रंगाचा हात मारा. आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. पत्र्याचा कूलर, ओले हात आणि तुटलेली अर्थिंग यांनी माणसं दगावतात. पुढच्या उन्हाळ्यात टाकीत पाणी ओतण्याआधी प्लग काढायचा, हे घरातल्या लेकरांनाही आत्ताच शिकवून ठेवा.